दोरा दाराशी नेऊन पाहावा

ठाणे (पश्चिम)

चि. विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतच्या दोन कॉन्टॅक्ट शीट (रोलमधल्या सगळ्या चौकटी छोट्या आकारात एका कागदावर) मिळाल्या. कोणाकोणाची छायाचित्रे पाहावीत, असे तू विचारले आहेस आणि पुढच्याच ओळीत, जरा खंतावून, लिहिले आहेस की तुमच्या घरात कलेचा वारसा नाही; आई नौपाड्यात साड्यांना फॉल-पिको करून देते, बाबा रेल्वेत आहेत, आणि नामवंतांच्या मुलाखतींत भेटतात तसे चित्रकार काका किंवा गाण्याचे दर्दी आजोबा तुमच्याकडे कोणी नाहीत. प्रश्नाचे उत्तर मी थोडक्यात देणार आहे, कारण ती पुढची ओळ मला मान्य नाही.

पाहायचेच असेल, तर सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांची काढलेली कृष्णधवल छायाचित्रे पाहा आणि भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांचे काम पाहा. फोनवर नको, छापील पुस्तक मिळवून एका बैठकीत दहापेक्षा जास्त चित्रे न उलटता पाहा. याहून मोठी यादी मी मुद्दामच देत नाही. तुझ्या वयात मी परदेशी छायाचित्रकारांच्या पुस्तकांनी असा झपाटलो होतो, की दोन वर्षे ठाणे स्टेशनच्या पुलावर उभा राहून, त्यांतल्या एका प्रसिद्ध फ्रेंच छायाचित्रासारखे, कोणी तरी डबक्यावरून उडी मारील याची वाट पाहत असे. ते रोल आजही माझ्याकडे आहेत, आणि त्यांत माझे म्हणावे असे एकही चित्र नाही.

आता तुझ्या शीटविषयी. मी त्या भिंग लावून दोनदा पाहिल्या. दोन रोलच्या ७२ चौकटींपैकी ४१ चौकटींत माणूस दारात, खिडकीशी किंवा गॅलरीच्या कठड्याशी आहे. जांभळी नाक्यावरची भाजीवाली तू एकापाठोपाठ चार वेळा टिपली आहेस आणि चौथ्या वेळी ती ताडपत्रीची सावली जिथे संपते त्या कडेला सरकल्यावरच थांबली आहेस. हे तुला मी शिकवलेले नाही, आणि कोणत्या पुस्तकातून तू ते उचलले असशील असेही वाटत नाही. तुझ्या आईला मात्र मी काम करताना पाहिले आहे. फॉलचा दोरा निवडायची वेळ आली की ती मशीन सोडून उठते आणि साडीचा काठ व तीन-चार रिळे घेऊन दुकानाच्या पायरीवर येते, कारण ट्यूबलाइटखाली एकसारख्या दिसणाऱ्या दोन छटा उजेडात वेगळ्या निघतात आणि मग गिऱ्हाईक साडी परत आणते. त्या पायरीवर बसून तू शाळेचा अभ्यास केलास. वस्तू खरी कशी आहे हे पाहायचे असेल तर ती दाराशी न्यावी लागते, हे तुझ्या हाताला तुझ्याआधी कळले आहे.

माझे वडील स्टेशनजवळच्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. शिशाचे खिळे जुळवताना त्यांना अक्षरे उलटी वाचावी लागत, आणि ती सवय इतकी पक्की होती की घरी पंचांगसुद्धा ते समोरच्या बाजूने, उलटे धरलेले असतानाच वाचून टाकीत. मी जुनी याशिका मॅट, म्हणजे वरून काचेत पाहायचा, रोलला बाराच चौकटी देणारा कॅमेरा, विकत घेतली तेव्हा तिच्या काचेवर डावे-उजवे पालटलेले चित्र पाहून माझे मित्र गोंधळून जात. माणूस डावीकडे गेला की ते कॅमेरा भलतीकडेच वळवीत. मला मात्र पहिल्या रोलपासून अडचण आली नाही. निगेटिव्ह थेट वाचून कोणती चौकट चांगली निघेल हे सांगण्याचे माझे कसब लोकांना जादूसारखे वाटते, पण ते वडिलांचे आहे. हे मला समजायला वीस वर्षे लागली. तोवर छापखान्यात ऑफसेट आले होते, खिळे आणि ते ठेवायच्या केस (खणांच्या पेट्या) भंगारात गेल्या होत्या, आणि केससमोर उभ्या असलेल्या वडिलांचे एकही छायाचित्र माझ्याकडे नव्हते. ते दृश्य मी इतका रोज पाहत होतो की त्यावर बारापैकी एक चौकट खर्च करणे मला उधळपट्टी वाटली.

घराचा प्रभाव म्हणजे केवळ गोड आठवण नव्हे. त्यात श्रेयाचा हिशेबही असतो. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. कच्च्या फिल्मला छिद्रे पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी केली, हे फार थोड्यांना ठाऊक असते. होमाई कॅमेरा शिकल्या त्या पुढे त्यांचे पती झालेल्या माणेकशा व्यारावाला यांच्याकडून, आणि त्यांची सुरुवातीची छायाचित्रे माणेकशांच्याच नावाने छापली गेली. तेव्हा उद्या कोणी तुला तुझ्या प्रकाशाविषयी विचारले, तर कोण्या फ्रेंच छायाचित्रकाराचे नाव घेण्याआधी त्या पायरीचे नाव घे.

पुढचा रोल तू याच कामासाठी वापरावास असे मला वाटते. पहिले दोन दिवस कॅमेरा न नेता दुकानात बस. ऊन पायरीवर किती वाजता येते, समोरच्या इमारतीमागे कधी जाते आणि आई कोणत्या हाताने दोरा तोडते, हे वहीत लिही. नंतर ४००चा, म्हणजे कमी उजेडातही चालणारा, कृष्णधवल रोल घाल आणि ३६ चौकटी पंधरा दिवस पुरव. आईला कॅमेऱ्याकडे पाहायला किंवा हसायला सांगू नकोस. आतला अंधार आणि बाहेरचे ऊन यांत कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर फसतो. बाहेरच्या उजेडाला भुलून तो आईचा चेहरा काळा करील, म्हणून जवळ जाऊन चेहऱ्यावरचाच प्रकाश मोज आणि मग मागे ये. बाबांचा विचार पुढच्या रोलला करू. अपरात्री ड्युटीवरून परतणाऱ्या माणसाला कमी उजेडात पाहण्याची जी सवय असते, तिचेही तुझ्यात काही उतरले असावे, अशी मला शंका आहे.

रोल संपला की लॅबमध्ये देऊ नकोस आणि घरी धुण्याची घाईही करू नकोस. सध्या नळाचे पाणी तिशीच्या आसपास असते, आणि डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारे रसायन, २० अंशांवर हवा. २४ अंशांवर धुतले तर वेळ साधारण दोन-तृतीयांश करावा लागतो, आणि त्याहून गरम पाण्यात अंदाज पुरता चुकतो. माझ्या मोरीत डबे, थर्मामीटर आणि हायपो (उमटलेले चित्र पक्के करणारे रसायन) तयार आहे. येण्याच्या आदल्या दिवशी कळव, म्हणजे चेंदणीच्या कोळीणबाईंकडून बर्फ आणून ठेवीन. आईलाही सोबत आण. ओली निगेटिव्ह उजेडात धरायला ती कुठे जाऊन उभी राहते, ते मला पाहायचे आहे.

तुझा,
सर