आधी कागद दाखवा : जुन्या लढाऊ विमानांबद्दल वाचकांचे प्रश्न

दुसऱ्या महायुद्धातली लढाऊ विमानं आणि त्यांचे सुटे भाग शोधणाऱ्यांची पत्रं मला नेहमी येतात. गैरसमज तेच ते असतात, म्हणून या वेळी पाच प्रश्न एकत्र घेतले आहेत.

ब्रह्मदेशात इंग्रजांनी खोक्यांत घालून पुरलेली स्पिटफायर विमानं सापडतील का? एक मित्र शोधमोहिमेसाठी वर्गणी काढतोय.

वर्गणी देऊ नका. २०१३ मध्ये यांगूनच्या मिंगलाडोन विमानतळावर रीतसर शोध झाला, एकही विमान निघालं नाही. शेवटी मोहिमेला पैसा पुरवणाऱ्यांनीच विमानं पुरल्याचा पुरावा नसल्याचं जाहीर केलं.

मुंबईच्या चोरबाजारात विमानाचा जुना उंचीमापक मिळाला. आकडे आता अंधारात चमकत नाहीत, म्हणजे धोका नाही असं दुकानदार म्हणतो. उघडून साफ करू का?

अजिबात उघडू नका. त्या काळी चमकणाऱ्या रंगात रेडियम असायचं. चमक देणारा झिंक सल्फाइड काही दशकांत निकामी होतो, पण रेडियम अर्धं व्हायला सुमारे १,६०० वर्षं लागतात. चमक गेली म्हणून किरणोत्सर्ग गेला, असं होत नाही. वाळलेल्या रंगाची पूड श्वासातून आत गेली तर ती शरीरात राहते. उंचीमापक डबीत घट्ट बंद करा, मुलांपासून लांब ठेवा आणि अणुशक्तीनगरच्या अणुऊर्जा नियामक मंडळाचा सल्ला घ्या. दुकानदाराचा नको.

इंग्लंडमधला एक दलाल स्पिटफायरची मूळ ओळखपाटी (विमानाचा क्रमांक असलेली छोटी पट्टी) ‘सर्व हक्कांसह’ विकतोय. तिच्यावरून विमान बांधता येतं म्हणे. आठ दिवसांत होकार द्यायचा आहे. घ्यावी का?

या प्रश्नाची मला सर्वात जास्त काळजी वाटते, म्हणून सविस्तर लिहितो.

वीस हजारांहून जास्त स्पिटफायर बनली. प्रत्येकाला हवाई दलाचा क्रमांक होता, सुरुवातीच्या विमानांना एक अक्षर आणि चार आकडे, नंतरच्यांना दोन अक्षरं आणि तीन आकडे. कारखान्याचा क्रमांक वेगळा. आज उडणाऱ्या अनेक स्पिटफायरमधला बराचसा पत्रा नवा आहे. त्यात गैर काही नाही, ऐंशी वर्षांच्या ॲल्युमिनियमवर कोणी जीव टांगू नये. पण त्यामुळे विमानाची किंमत त्याच्या ओळखीवर ठरते आणि ओळखीचा बाजार भरतो. तळहातावर मावणारी पाटी खोटी बनवायला कितीसा वेळ लागतो? पाटी खरी असली, तरी त्याच विमानाचा मोडका सांगाडा दुसऱ्या कोणाकडे असू शकतो. मग एका क्रमांकावर दोघे दावा सांगतात आणि प्रकरण वकिलांकडे जातं.

म्हणून आधी कागद मागा. ब्रिटिश हवाई दल प्रत्येक विमानाच्या हालचालींची नोंद ‘फॉर्म ७८’ या कार्डावर ठेवत असे. विमान कोणत्या तुकडीत होतं, कुठे पडलं, कधी ताफ्यातून काढलं, ते त्यावर असतं. पाटीची कथा कार्डाशी जुळते का, ते पाहा. मग पाटी कोणत्या अवशेषावरून काढली त्याचे फोटो, प्रत्येक मालकाची विक्रीपावती आणि अवशेष ज्या देशातून आणला तिथला निर्यात परवाना मागा. ‘सर्व हक्क’ हा शब्द ऐकायला भारदस्त आहे, पण पाटीबरोबर उड्डाणाचा परवाना मिळत नाही. तो ब्रिटनचं नागरी विमान प्राधिकरण प्रत्यक्ष विमान आणि त्याच्या कामाच्या नोंदी तपासून देतं.

आठ दिवसांची मुदत ऐकली की मी तिथेच थांबतो. ऐंशी वर्षं थांबलेली वस्तू आणखी महिनाभर थांबते. आगाऊ रक्कम देण्याआधी तिथला वकील आणि जुन्या विमानांवर काम करणारा परवानाधारक अभियंता, दोघांनाही विचारा.

इंग्लंडमध्ये आम्ही हौशी मंडळी स्पिटफायर ९ (मार्क ९ ही आवृत्ती) च्या मर्लिन इंजिनावर काम करतो. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने बनवलेल्या मर्लिनचे ‘न वापरलेले, सीलबंद’ भाग मिळतायत. चालतील का?

काही चालतील. पॅकार्डने ब्रिटिश आटेच कायम ठेवले होते, त्यामुळे बोल्ट बसतो आणि माणूस फसतो. जोडउपकरणांत फरक आहेत. अनेक स्पिटफायर ९ मध्ये असलेलं मर्लिन ६६ पॅकार्डने बनवलं तेव्हा त्याचं नाव २६६ झालं, आणि ते बसवलेल्या स्पिटफायरला मार्क १६ हे वेगळं नाव द्यावं लागलं, यावरून समजा. भाग क्रमांक तुमच्या इंजिनाच्या सूचीशी जुळवा. सीलबंद रबर मात्र घेऊच नका, ते खोक्यातही कडक होतं. बाकी निर्णय मर्लिन उघडणाऱ्या कार्यशाळेला विचारून घ्या.

अरुणाचलमध्ये ट्रेकला गेलो असताना विमानाचे अवशेष दिसले. प्रोपेलरचं एक पातं खाली आणलंय. पुण्यात संग्रहात ठेवू का?

नाही. १९४२ ते १९४५ दरम्यान आसाममधून चीनकडे रसद नेणारी कितीतरी अमेरिकन विमानं त्या डोंगरांत पडली. अमेरिकी सरकारची पथकं आपल्या बेपत्ता सैनिकांचे अवशेष शोधायला अजून तिथे येतात. ब्रिटनमध्ये तर १९८६ च्या कायद्यानुसार पडलेल्या लष्करी विमानाला परवान्याशिवाय हात लावणं गुन्हा आहे. पातं घासू नका, धुऊ नका. त्यावरच्या क्रमांकाचे फोटो काढा आणि सापडल्या जागेच्या नोंदीसह ते तिथल्या जिल्हा प्रशासनाकडे द्या. अशा क्रमांकांवरून विमान ओळखू येऊ शकतं, आणि विमान कळलं की त्यात कोण होतं तेही कळतं.