प्लॅटिनम-निकेलचे अष्टफलक कण: मोजणीला बसण्याआधी

ऑक्सिजनच्या विद्युत-अभिक्रियेला हे आठ सपाट बाजूंचे कण किती वेग देतात, म्हणजे त्यांची सक्रियता, मोजायची असेल, तर टीईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) आकार सुरेख दिसला म्हणून कण लगेच इलेक्ट्रोडवर चढवू नकोस. ओलेइलअमीन आणि ओलेइक आम्लात वाढवलेल्या कणांवर त्याच रेणूंचा थर चिकटून असतो. ऑक्सिजनला प्लॅटिनम मोकळं मिळतच नाही. आधी कण कार्बनवर बसव, मग ॲसेटिक आम्लात 60-70 अंशांवर काही तास ढवळ, इथेनॉलने दोन-तीनदा धू. भट्टीत भाजून साफ करायचा मोह आवर. तापमान जरा चढलं की कोपरे गोल होतात, आणि सगळा खटाटोप त्या 111 पृष्ठांसाठीच (अष्टफलकाच्या सपाट बाजूंसाठी) तर होता!

मोजणी ऑक्सिजनने संपृक्त 0.1 मोलर परक्लोरिक आम्लात, इलेक्ट्रोड 1600 आरपीएमने फिरवत. सक्रियतेचा आकडा आरएचईच्या (प्रतिवर्ती हायड्रोजन इलेक्ट्रोड या संदर्भाच्या) तुलनेत 0.9 व्होल्टवरचा. सिल्व्हर क्लोराइडचा संदर्भ इलेक्ट्रोड शक्यतो नको. त्यातून झिरपलेलं क्लोराइड प्लॅटिनमवर बसतं आणि दोष कणांच्या माथी येतो.

प्लॅटिनमवर हायड्रोजन चिकटताना-सुटताना प्रवाहाच्या आलेखात दिसणाऱ्या शिखरांवरून काढलेलं पृष्ठफळ या मिश्रधातूत बऱ्याचदा कमी येतं, मग विशिष्ट सक्रियता (दर पृष्ठफळामागचा प्रवाह) उगाच फुगते. सीओ स्ट्रिपिंगने (पृष्ठावर चिकटवलेला कार्बन मोनॉक्साइड ऑक्सिडीकरणाने काढून, त्याला लागलेला प्रभार मोजून) ताडून बघ.

टिकाऊपणाची चक्रं (व्होल्टेज पुन्हा पुन्हा वर-खाली करणं) झाल्यावर टीईएम आणि ईडीएस (क्ष-किरणांवरून मूलद्रव्यं कुठे किती ते पाहणं) पुन्हा कर. निकेल पृष्ठांच्या मध्यावर साचलेलं असेल तर तेच आधी विरघळतं आणि सपाट बाजूंना खळगे पडतात.