गच्चीतल्या मूठभर भाजीचं रोज काय करायचं?

प्रश्न असा आहे: "पुण्यात फ्लॅटच्या गच्चीवर १५-२० कुंड्या आहेत. एका वेळी कधी चार भेंड्या, कधी एक दोडका, कधी मूठभर पालक निघतो. दोघंही नोकरी करतो. या हंगामी भाज्यांचं घरच्या घरी सोपं काय करता येईल?"

"चार भेंड्या, एक दोडका" हे शब्द मी गेली अकरा वर्षं ऐकतोय, तेही माझ्या थोरल्या मेहुण्यांच्या तोंडून. दादा मंडईवाले. रोज सकाळी पिशवी घेऊन जाणार, शेपूच्या जुडीवर पाच रुपये कमी करून घेणार आणि वर मला ऐकवणार, "मंडई १८८६ पासून उभी आहे ती काय उगाच, जावईबापू? वीस रुपयांच्या भाजीसाठी दोनशेचं खत घालता." तेव्हा माझं उत्तर निष्पक्ष असेल अशी अपेक्षा ठेवू नका.

आधी तुमचं काम. चार भेंड्यांची भेंडीची भाजी होत नाही, हे एकदा मान्य करा. काय करायचं ते ठरवून गच्चीवर जाणारा माणूस बाजारातच बरा. वर जायचं, असेल ते खुडून आणायचं आणि त्याला डाळीचं पीठ लावायचं. मुळ्याचा पाला, कांद्याची पात, मेथी, कोवळा माठ, काहीही चालतं. लसणीच्या फोडणीत परता, वरून पीठ पेरा, पाण्याचा हबका मारा, झाकण ठेवा. दहा मिनिटांत भाजी. पाला त्याहूनही कमी असेल तर भाजणीत मळून थालीपीठ. एकटा दोडका असेल तर मुगाच्या डाळीत शिजवा, म्हणजे भाजी आणि आमटी एकाच पातेल्यात होतात. त्याच्या शिरा टाकलेल्या मला चालत नाहीत. तीळ आणि सुक्या खोबऱ्याबरोबर खरपूस परतून चटणी करा. पालक किंवा चाकवत निघाला तर ताकातली पातळभाजी, त्यात मूठभर हरभऱ्याची डाळ आणि दाणे. भोपळ्याचा वेल असेल तर लांब देठाची नर फुलं खुडून भजी करा. ज्या फुलामागे इवलासा भोपळा दिसतो त्याला हात लावू नका. आणि सगळी नर फुलं पण नेऊ नका, मग भोपळा कोण धरणार?

तुमच्यासारख्यांसाठीची भाजी तर पंचांगातच आहे: ऋषिपंचमीची. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खायचं नाही, म्हणजे नांगराचं नको, परसातलं हवं. अळू, लाल भोपळा, दोडका, पडवळ, भेंडी, लाल माठ, मक्याच्या कणसाचे तुकडे, सगळं एकाच पातेल्यात. आमच्याकडे फोडणी नसते. हिरवी मिरची, मीठ, चिंचेचा कोळ, उतरवताना ओलं खोबरं. प्रत्येक भाजी मूठभरच लागते, म्हणून गच्चीवाल्यांना ही वर्षातून एकदाच खायची भाजी आहे असं वाटूच नये. मी पावसाळाभर दर आठवड्याला करतो.

आता इथे मला ते सांगावंच लागेल.

अकरा वर्षांपूर्वी जूनमध्ये दादांनी मला अळूचा कांदा आणून दिला. "अस्सल वडीचं आहे, कोकणातल्या मित्राकडचं." मी तो टाकीच्या ओव्हरफ्लोखालच्या ड्रममध्ये लावला. भाद्रपदापर्यंत पानं सुपाएवढी झाली. त्या वर्षी बायकोच्या पायाला प्लास्टर होतं, त्यामुळे ऋषिपंचमीची भाजी मी करायची ठरली. तोवर स्वयंपाकघरात माझी मजल चहा आणि पिठलं इतकीच. पण भाजी माझ्या गच्चीतली, तेव्हा उत्साह दांडगा. वडीच्या अळूचा देठ काळपट असतो हे मला ठाऊक होतं. याचा देठ हिरवागार. मी समजूत करून घेतली की दादांचा घोटाळा झाला असेल, हे भाजीचं अळू असणार. उलट बरंच झालं, भाजीच तर करायची आहे! चिरताना हात खाजले, तर अळू चिरताना खाजतंच म्हणून पुन्हा खोबरेल चोळलं. हे सगळं मी आज पहिल्यांदा कबूल करतोय.

पानावर नऊ माणसं. पहिला घास गेला आणि टेबल गप्प झालं. मग आतेसासूबाईंनी घशाला हात लावून विचारलं, "कुणाला काही होतंय का?" सगळ्यांनाच होत होतं. गुळाचा डबा आला, ताक आलं, लहान भाच्यानं रडून घर डोक्यावर घेतलं. दादांनी दोन पेले ताक पिऊन जाहीर केलं, "चिंच कमी पडली."

लिंबाएवढी चिंच घातली होती मी! बायको साक्षीदार आहे. प्लास्टर पायाला होतं, डोळ्यांना नव्हतं.

अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. खाण्याच्या अळूत चिंच, आंबट चुका आणि भरपूर शिजवणं यानं भागतं. पण शोभेचं जे अळू बंगल्यांच्या दारात कुंडीत ठेवतात, त्यात चिंचेचं पोतं रिकामं केलंत तरी ते खाण्याचं होत नाही. ओळख ही, की खायच्या अळूचं पान देठावरून खाली मान टाकतं आणि शोभेच्या बऱ्याच जातींचं पान ताठ, टोक आभाळाकडे. माझं कसं होतं? सॅल्यूट ठोकल्यासारखं. बायकोच्या बारशाच्या आठवणी निघाल्या तरी दादा त्या "खाजऱ्या भाजी"वर येतात, पण कांदा कुणी दिला हे कधीही सांगत नाहीत.

मध्यंतरी जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला आम्ही एकत्र गेलो. शोभेच्या झाडांच्या रांगेत तेच पान, तीच ताठ मान. मी दादांना दंडाला धरून तिथे उभं केलं. त्यांनी चष्मा पुसून नीट पाहिलं आणि म्हणाले, "असेल. पण चिंच कमीच होती."

असो. तुमचा हंगामाचा भाग राहिलाच. पुण्यात हिवाळा हा गच्चीचा खरा हंगाम. मेथी, मुळा, चाकवत, वालपापडी, टोमॅटो, वांगी, सगळं तेव्हा येतं आणि भोगीची भाजी घरच्या मालावर निघते. उन्हाळ्यात सिमेंटची गच्ची तव्यासारखी तापते, तेव्हा हिरवी जाळी बांधा आणि गवार, भेंडी, माठ यांच्यावर समाधान माना. नोकरी करून रोज निवडायला वेळ नाही म्हणता, तर पालेभाजी खुडतानाच निवडून खाली आणा. घरच्या भाजीचा हाच मोठा फायदा आहे, आणि तो दादांना पाच रुपये कमी करून मिळत नाही.

आणखी दोन गोष्टी, खरं तर वरतीच लिहायला हव्या होत्या. कुणी प्रेमानं दिलेला कांदा किंवा रोप ओळखीचं नसेल तर खाऊ नका, मेहुण्यांनी दिलेलं असेल तर मुळीच नका. आणि घरच्या वेलाचा दुधी चिरल्यावर आधी चिमूटभर तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर थुंकून अख्खा फेका, शिजवल्यानं त्याचं विष जात नाही.

मुतखड्याचा त्रास असेल तर पालक आणि अळू डॉक्टरांना विचारूनच. दादांना दोन वर्षांपूर्वी खडा झाला. तोही, त्यांच्या मते, त्याच भाजीचा आहे.