बोरन्हाणात ती माझ्या खांद्यावरून उतरलीच नाही

पत्र असं आहे:

मावशी, माझी लेक 19 महिन्यांची आहे. आम्ही धुळ्याला एकत्र राहतो. जाऊबाईंचा मुलगा हिच्याहून फक्त 12 दिवसांनी मोठा, त्यामुळे घरात रोज तुलना चालते. तो अकराव्या महिन्यात चालला, ही 16 महिने पूर्ण झाल्यावर. तो दोन-दोन शब्द जोडून बोलतो, मोबाईल बघून एबीसीडी म्हणतो, हिचे शब्द मोजून सहा-सात. संक्रांतीनंतर दोघांचं एकत्र बोरन्हाण केलं, तो सगळ्यांसमोर नाचला आणि ही माझ्या खांद्यावरून उतरलीच नाही, हलव्याचा मुकुट ओढून काढला, रडून रडून ओकली. सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, आईसारखीच घुमी निघाली. पाहुणे गेल्यावर मात्र एकटी बोरं वेचत बसली आणि एकेक बोर नेऊन आजोबांच्या हातात देत होती. ही 35 आठवड्यांची असतानाच झाली, दहा दिवस काचेच्या पेटीत होती, त्याचा परिणाम असेल का? पावसाळ्यापासून दोनदा कान वाहिला, सर्दी तर कायमचीच. हाक मारली तर कधी बघते, कधी नाही, सासूबाई म्हणतात मुद्दाम करते. त्या तिच्याशी अहिराणीत बोलतात, मी मराठीत, त्याने गोंधळत असेल का? आणि हल्ली हट्टी झालीये, चप्पल स्वतःच घालणार, उलटी का होईना. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईलवर शोधत बसते. माझं काही चुकतंय का?
— एक आई, धुळे

बाळा,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना बोरन्हाणावरच अडकले, कारण भरल्या घरात सगळ्यांदेखत ‘आईसारखीच घुमी’ ऐकून तुला काय वाटलं असेल ते कळलं मला. पण तिसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी एकात एक गुंतल्यात. एक म्हणजे तिची वाढ, चालणं-बोलणं-ऐकणं, आणि दुसरा तिचा स्वभाव. वाढीबद्दल शंका असेल तर ती तपासून घ्यायची असते, स्वभाव मात्र तपासायचा नसतो, तो ओळखायचा असतो. तुमच्या घरात उलटं चाललंय, स्वभावाची रोज तपासणी होतेय आणि जे खरंच तपासायला हवं त्याला ‘मुद्दाम करते’ म्हणून सोडून दिलंय.

त्यामुळे आधी कानाचं बोलू, बाकी सगळं नंतर.

पावसाळ्यापासून दोनदा कान वाहिलाय, सर्दी हटत नाही, हाकेला कधी ओ देते कधी नाही, आणि शब्द थोडे आहेत. या चारही गोष्टी तू वेगवेगळ्या ओळींत लिहिल्यास, मी त्या एका ओळीत मांडतेय, आता वाचून बघ. कान वाहून बरा झाला तरी पडद्यामागे मधल्या कानात पाणी साचून राहू शकतं, कधी काही आठवडे, कधी काही महिने, आणि ते दुखत नाही म्हणून कोणाला पत्ताच लागत नाही. अशा मुलाला ऐकू येतच नाही असं नसतं, कानात बोळा घातल्यासारखं दबकं येतं, आणि सर्दी कमी-जास्त होते तसं ऐकणंही कमी-जास्त होतं. म्हणून कधी बघते, कधी नाही! तुझ्या लेकीच्या बाबतीत हेच आहे असं मी म्हणत नाहीये, मी डॉक्टर नाही, 22 वर्षं बालवाडी चालवली एवढंच. पण त्या वर्षांत ‘लक्ष देत नाही’, ‘आगाऊ आहे’ म्हणून आणलेली आणि नंतर कानाचं निघालेली मुलं मी बघितलीत, त्यामुळे हे ‘बघू पुढच्या महिन्यात’ वर टाकू नकोस, या आठवड्यातच कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची वेळ घे. टिंपॅनोमेट्री म्हणून तपासणी असते, कानाला छोटं बूच लावून पडद्याची हालचाल बघतात, दोन-चार मिनिटांचं काम. गरज वाटली तर बेरा नावाची ऐकण्याची तपासणी करतात, ती मूल झोपलेलं असताना डोक्याला तारा चिकटवून होते, दुखत नाही. जन्मल्यावर ऐकण्याची तपासणी झाली होती आणि नॉर्मल होती असं कोणी म्हणालं तरी जायचंच, कारण कान नंतर वाहिलाय, तो जुना कागद आजचं सांगू शकत नाही. आणि घरात कोणी लसणाचं कोमट तेल कानात घालत असेल तर आजपासून बंद, वाहिलेल्या कानाच्या पडद्याला भोक असू शकतं.

तपासणीला नवऱ्याला बरोबर घेऊन जा, हे मी मुद्दाम सांगतेय. डॉक्टर काय म्हणाले ते घरी येऊन तू एकटीने सांगितलंस तर पुन्हा तूच काळजीखोर ठरशील, त्याने स्वतःच्या कानाने ऐकलेलं असलं की घरात ते वेगळ्या वजनाने पोचतं.

आता तो 12 दिवसांचा हिशोब. पुतण्या पूर्ण दिवसांचा असेल तर तुमच्या घरातली ही तुलना मुळातच चुकलीये बघ. तुझी लेक 35 आठवड्यांची असताना झाली, म्हणजे पाच आठवडे लवकर, आणि लवकर झालेल्या मुलांची वाढ बघताना दोन वर्षांपर्यंत ते आठवडे वजा करून वय धरायचं असतं, बालरोगतज्ञ असंच मोजतात. म्हणजे ती आज जेमतेम 18 महिन्यांची धरायची आणि त्या दोघांतलं अंतर 12 दिवसांचं नाही, जवळजवळ दीड महिन्याचं. या वयात दीड महिना म्हणजे केवढा असतो! चालण्याचंही तसंच, 16 मधून पाच आठवडे काढ, पंधराच्या आसपास आली. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा पाच देशांतली निरोगी मुलं बघून 2006 साली आकडे दिले, त्यात आधाराशिवाय चालण्याचा काळ 8.2 महिन्यांपासून 17.6 महिन्यांपर्यंत एवढा पसरलेला आहे. अकराव्याला चालणारा आणि सोळाव्याला चालणारी, दोघंही त्यात आरामात बसतात. त्याच पाहणीत शंभरातली चारेक मुलं हाता-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत आणि तरी चालायला लागली. लवकर चाललं म्हणून मूल हुशार आणि उशिरा म्हणून मंद असं त्यात काही नसतं. काचेच्या पेटीतल्या दहा दिवसांसाठी स्वतःला दोष देऊ नकोस, फक्त डॉक्टरांना ते आठवणीने सांग, कारण लवकर झालेल्या मुलांच्या कानांकडे ते जरा जास्त लक्षाने बघतात. लोह पुरेसं मिळतंय का तेही विचार, या मुलांच्या अंगात जन्मतःच त्याचा साठा कमी असतो.

शब्दांचं सांगते. दीड वर्षाच्या मुलाने आई-बाबा सोडून निदान तीनेक शब्द बोलायचा प्रयत्न करावा ही साधारण अपेक्षा असते, दोन शब्द जोडणं दोन वर्षांच्या सुमाराला. सहा-सात म्हणजे ती मागे नाहीये, फार पुढेही नाहीये. आणि मोजताना अहिराणी शब्दही धर हं! आजीला ‘माय’ म्हणत असेल तर तो शब्द झाला, ‘भू’, ‘मंमं’, ‘हम्मा’ नेहमी त्याच गोष्टीसाठी म्हणत असेल तर तेही शब्दच. दोन भाषांनी मूल गोंधळत नाही, बोलणंही त्यामुळे लांबत नाही, सासूबाईंना अहिराणी बोलू दे, भरपूर बोलू दे, घरच्या आजीकडून भाषा मिळतेय हे सुख आहे.

शब्दांपेक्षा मी बोट बघते. गच्चीवर नेल्यावर चंद्राकडे, गल्लीतल्या कुत्र्याकडे बोट करून मग तुझ्या तोंडाकडे बघते का, ‘आई तूपण बघ ना’ असं? ‘चेंडू आण’ म्हटलं, हाताने खूण न करता, तर आणते का? तू पत्रात बोटाचं काही लिहिलं नाहीस, पण आजोबांच्या हातात एकेक बोर नेऊन देत होती हे लिहिलंस, आणि ते वाचून मला फार बरं वाटलं, कारण आपल्याकडचं दुसऱ्याला नेऊन देणं म्हणजे बोलणंच आहे, फक्त त्याला शब्द लागले नाहीत. तरी दोन-चार दिवस नीट बघ. बोट दाखवत नसेल, नजर टाळत असेल, किंवा आधी येत असलेला एखादा शब्द गेला असेल, तर कानाबरोबर बालरोगतज्ञांकडून एम-चॅट भरून घे, ही स्वमग्नतेची (ऑटिझमची) शक्यता चाचपणारी प्रश्नावली आहे, 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठी 20 साधे प्रश्न असतात, आईनेच उत्तरं द्यायची. त्यातून निदान होत नाही, पुढे बघायची गरज आहे का एवढं कळतं. खर्चाची अडचण असेल तर सरकारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हे सगळं मोफत आहे, अंगणवाडी ताईंना विचार, त्या जिल्ह्याच्या डीईआयसीचं, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी वेळीच तपासणाऱ्या सरकारी केंद्राचं, सांगतील. आणि ‘मुलं बोलतात गं उशिरा, हिचे बाबा तर चौथ्या वर्षी बोलले’ असं कोणी सांगितलं तर ऐकून घे, पण थांबू नकोस.

मोबाईलवरची एबीसीडी मात्र मी हिशोबात धरतच नाही. स्क्रीन बघून म्हटलेले आवाज म्हणजे बोलणं नव्हे, आणि दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच, लांबच्या मावशीला व्हिडिओ कॉल करायचा तेवढा सोडून. बोलणं शिकतात ती माणसाकडून. मेथी निवडताना तिला शेजारी बसव, एक काडी तिच्या हातात दे, ‘मेथी... हिरवी मेथी’ म्हण आणि मग गप्प बस, मनात पाचपर्यंत आकडे मोज. हे गप्प बसणं फार अवघड जातं आपल्याला, आपणच विचारतो आणि आपणच उत्तर देऊन टाकतो, मग तिला बोलायला जागाच उरत नाही.

आता स्वभाव. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण तुझं रडू इथलं आहे.

अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या नवरा-बायको डॉक्टरांनी 1956 पासून न्यूयॉर्कमधली 133 मुलं तान्ही असल्यापासून पुढे कित्येक वर्षं बघितली, आणि त्यांना दिसलं की मुलं स्वभाव घेऊनच येतात, पहिल्या काही महिन्यांतच फरक दिसतो. त्यातली साधारण 15 टक्के मुलं अशी होती की नवीन जागा, नवीन माणसं, नवीन चव, सगळ्याला आधी मागे सरायची आणि मग हळूहळू, स्वतःच्या वेळेने रुळायची. आजार नाही, खोट नाही, बिघडलेलं काही नाही. आणि त्यांचं म्हणणं असं की मुलाचा स्वभाव कसा आहे यापेक्षा घरच्यांचं वागणं त्या स्वभावाशी जुळतंय का, यावर मुलाचं पुढचं बरंच अवलंबून असतं.

मग आता तुझं बोरन्हाण बघ. डोक्यावर टोचणारा हलव्याचा मुकुट, अंगात काळं नवं झबलं, भोवती बायका, मोठी पोरं चुरमुरे-गोळ्या लुटायला टपलेली आणि डोक्यावरून बोरं न् हरभरे पडतायत. रुळायला वेळ लागणाऱ्या मुलाला हे केवढं वाटलं असेल! त्यात कान जड असतील तर गोंगाटात काय चाललंय तेही धड कळत नसेल. आणि तरी पाहुणे गेल्यावर ती त्याच जागी परत आली, एकटीने बोरं वेचली, वाटून टाकली. तिने तिचं बोरन्हाण केलं गं, फक्त दोन तास उशिरा. घुमं मूल असं करत नाही, असं बघून-सवरून पाऊल टाकणारं मूल करतं.

अशा मुलाला कार्यक्रमाला नेताना लोक जमायच्या आधी ने, रिकामी खोली बघू दे, दागिने दोन दिवस आधीपासून खेळायला दे, कोणी ‘ये ना माझ्याकडे’ म्हणून हात पुढे केला तर ‘ती आधी बघते, मग येते’ एवढंच सांग. हे वाक्य पाठच कर, सासूबाईंसमोरही हेच म्हण, आवाज न चढवता. ‘घुमी’ शब्द पुन्हा आला तरी हेच. मूल आपल्याबद्दलचे शब्द बोलायला लागायच्या आधी ऐकत असतं. आणि जाऊबाईंवर मनात राग धरू नकोस, तो पोरगा स्वतःसाठी चालला, तुझ्या लेकीला हरवायला नाही, उलट या दोघांना एकमेकांची फार सोबत होणार आहे.

चप्पल तर उलटी घालू दे! दहा मिनिटं आधी निघायची तयारी कर आणि घालू दे. या वयात मुलाला पहिल्यांदा कळायला लागतं की मी म्हणून कोणीतरी वेगळी आहे, माझं मी करू शकते, आणि तू ज्याला हट्ट म्हणतेस तो तिथूनच येतो, हे वाढीचंच लक्षण आहे. घरी करून बघायची एक गंमत सांगते, तिच्या नकळत नाकाच्या शेंड्यावर कुंकवाचं बोट लाव आणि आरशासमोर उभी कर. लहान बाळ आरशातल्या बाळाला हात लावतं. बरीचशी मुलं दीड ते दोन वर्षांच्या मधे कधीतरी स्वतःच्या नाकाला हात लावायला लागतात. आज नाही लावला तर महिन्याने बघ, ही परीक्षा नाहीये, तुम्ही दोघींनी आरशासमोर हसायचं निमित्त आहे.

रात्री दोनला मोबाईलवर शोधून काही मिळणार नाही, त्यापेक्षा तुझे सगळे प्रश्न एका कागदावर लिही, कान वाहिल्याच्या तारखा आठवतील तशा लिही, आणि तो कागद डॉक्टरांच्या टेबलावर ठेव. तुझं काही चुकत नाहीये, ज्या चार गोष्टी एकत्र ठेवून बघायला हव्या होत्या त्या घरात एकट्या तुझ्याच लक्षात आल्या होत्या.

कानाच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते दोन ओळींत तरी कळव, मी वाट बघतेय. आणि कुंकू लावलंस की तिने हात कुठे नेला, आरशाला की नाकाला, तेही लिही.

तुझी,
मावशी