दहा वर्षांपूर्वी वारलेल्या लेखकाचं दुःख आता का होतं, आणि त्याचं करायचं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दारव्हा तालुक्यातलं गाव. मोबाइलवर टेरी प्रॅचेट या इंग्रज लेखकाच्या डिस्कवर्ल्ड या कल्पित जगावरच्या विनोदी मालिकेतली अकरा पुस्तकं चार महिन्यांत वाचून झाली आणि बारावं शोधताना कळलं की हे गृहस्थ १२ मार्च २०१५ लाच गेले. तेव्हापासून पुस्तक उघडवत नाही. घरी म्हणतात, "तो तुया कोन लागे बाप्पा?" प्रॅचेट यांना अल्झायमर होता हे वाचून जास्तच लागलं, कारण गेल्या वर्षी वारलेले तुमचे आजोबाही शेवटी घरच्यांची नावं विसरले होते. आणि प्रॅचेट यांच्या अपुऱ्या पुस्तकांची हार्ड डिस्क रोलरखाली चिरडली, याचा राग येतोय.

आधी "कोन लागे" बद्दल. दर आश्विन वद्य पंचमीला गुरुकुंज मोझरीत दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखो माणसं जागच्या जागी स्तब्ध उभी राहतात. ११ ऑक्टोबर १९६८ ला तुकडोजी महाराज त्याच वेळेला गेले. आज उभं राहणाऱ्यांतल्या बहुतेकांनी महाराजांना पाहिलेलं नाही. त्यांच्याकडे ग्रामगीता आहे आणि भजनं आहेत. घरातलं कुणी मोझरीला जाऊन आलं असेल तर त्यांना विचारा, तुम्ही तिथं का उभे राहिलात? संताची आणि विनोदी कादंबऱ्या लिहिणाऱ्या इंग्रजाची बरोबरी करायची नाही. पण न पाहिलेल्या माणसाशी शब्दांतून नातं जुळतं, ते दोन्हीकडे खरंच असतं. (ग्रामगीतेचे अध्याय ४१ आणि डिस्कवर्ल्डच्या कादंबऱ्याही ४१. निव्वळ योगायोग, पण लक्षात ठेवायला बरा.) उशिराचं म्हणाल, तर लांबच्या सोयऱ्याची बातमी महिन्यानं आली तरी माणूस अंगावर पाणी घेतोच. तुम्हाला आज कळलं, म्हणजे तुमच्यासाठी ते आज गेले.

आता हार्ड डिस्क. अपुरं लिखाण नष्ट करा, ही प्रॅचेट यांचीच इच्छा होती. २५ ऑगस्ट २०१७ ला इंग्लंडमधल्या डॉर्सेटच्या वाफेच्या इंजिनांच्या जत्रेत 'लॉर्ड जेरिको' नावाचा साडेसहा टनी जुना रोलर तिच्यावरून अनेकदा फिरवला. तरी ती पुरती मोडेना, म्हणून शेवटी दगड फोडायच्या यंत्रात घातली. आपल्याकडे पोथी जीर्ण झाली की रद्दीत देत नाहीत, वाहत्या पाण्यात सोडतात. मला हा प्रकार त्याच जातीचा वाटतो. उलटं उदाहरणही आहे. रॉबर्ट जॉर्डन हे अमेरिकन कादंबरीकार २००७ मध्ये गेले तेव्हा त्यांची 'द व्हील ऑफ टाइम' ही मोठी मालिका अपुरी होती. त्यांनी मागे टिपणं ठेवली, पत्नीनं ब्रँडन सँडरसन या दुसऱ्या लेखकाला निवडलं आणि २००९ ते २०१३ या काळात तीन खंडांत ती पुरी झाली. एकानं सांगितलं पुरं करा, दुसऱ्यानं सांगितलं मोडून टाका. दोन्ही वेळा मागच्यांनी शब्द पाळला. प्रॅचेट यांची लेक रिआना हिनंही मालिका पुढे लिहिणार नाही असं सांगून टाकलं. म्हणजे वाट बघण्यासारखं काही उरलेलं नाही. हे कडू आहे, पण 'येईल कधीतरी' या आशेवर झुलत राहण्यापेक्षा बरं.

तुमच्या हातात अजून तीस पुस्तकं आहेत. इथे वाचक दोन चुका करतात. एक म्हणजे दुःखाच्या भरात सगळी पुस्तकं दोन-तीन महिन्यांत संपवतात. मग कथानकं एकमेकांत मिसळतात, तळटिपांतले विनोद निसटतात आणि रिकामपण दुप्पट होतं. दुसरी, शेवटचं पुस्तक आधी उघडतात. 'द शेफर्ड्स क्राउन' त्यांच्या मृत्यूनंतर ऑगस्ट २०१५ मध्ये आलं, त्यामुळे निरोपाचं पुस्तक म्हणून ते वाचण्याचा मोह होतो. पण ते टिफनी एकिंग या मुलीच्या पाच पुस्तकांपैकी पाचवं आहे, आणि त्यातल्या जादू जाणणाऱ्या वयस्क बायांची ओळख त्याआधीच्या सहा कादंबऱ्यांत होते. तेव्हा आधी ती सहा, मग टिफनीची पहिली चार, मग शेवटचं. तुम्ही वाचलेली अकरा पहारेकऱ्यांची आणि मृत्यू या पात्राची आहेत, म्हणजे ही सगळी ओळ तुमच्यासाठी कोरी आहे. कादंबरी साधारण ३५० पानांची धरा. रोज १२ पानं, महिन्याला एक. पारायणासारखं, पण एका बैठकीचं नको.

२००९ च्या पुढची पुस्तकं वेगळी लागतील. डिसेंबर २००७ मध्ये त्यांनी आजार जाहीर केला. मेंदूचा मागचा भाग आधी झिजवणारा अल्झायमरचा हा प्रकार होता. त्यात डोळा चांगला असूनही दिसलेल्याचा अर्थ लागत नाही. टाइप करणं जमेनासं झालं तेव्हा ते सहायकाला आणि संगणकाला बोलून मजकूर सांगू लागले. त्यामुळे वाक्यं लांबतात आणि माणसं जास्त बोलतात. "लेखक उतरला" असं म्हणून ती बाजूला ठेवू नका. आजोबा नाव विसरले तरी हात धरायचे ना, तसंच समजा.

गावात याबद्दल बोलायला कुणी नाही, हे तुमचं खरं दुखणं आहे असं मला वाटतं. त्यावर उपाय एकच, सांगायला बसा. वाचून दाखवू नका, इंग्रजी कुणी ऐकणार नाही. तीन-चार पानांचा एक प्रसंग निवडा आणि वऱ्हाडीत सांगा; दहा मिनिटं पुरतात. एका रात्री दोनच प्रसंग. १२ मार्च टाळा, पोरं दहावीच्या पेपरात असतात. त्यांचा जन्मदिवस २८ एप्रिल (१९४८) बरा. ऊन उतरल्यावर, साडेआठनंतर, ओट्यावर. ज्याच्या घरी त्या दिवशी लग्न नसेल तो येईल.

शब्द मात्र जपून निवडा. या पुस्तकांतला मृत्यू हा सांगाडा आहे, त्याला मांजरं आवडतात आणि तो छापील मोठ्या अक्षरांत बोलतो. त्याला यमराज म्हटलंत की ऐकणाऱ्यांना रेडा, पाश आणि चित्रगुप्ताची वही दिसते, आणि प्रसंग बिघडतो; कारण हा हिशेब करत नाही, शिक्षा देत नाही, नुसता सोबत येतो. म्हणून 'मृत्यू'च म्हणा. त्याची वाक्यं खालच्या आवाजात, शब्दाशब्दाला थांबून घ्या, म्हणजे मोठ्या अक्षरांचं काम आवाज करतो.

त्याहून नाजूक शब्द 'विच'. शब्दकोश चेटकीण सांगेल. तो वापरू नका. टिफनीच्या पुस्तकांतल्या या बाया बाळंतपणं करतात, म्हाताऱ्यांची नखं कापून देतात, मरणाऱ्याच्या उशाशी रात्रभर बसतात. आपल्याकडे अशा बाईला जाणती म्हणतात, किंवा सुईण. टिफनीच्या पहिल्याच पुस्तकात गावकरी एका एकट्या म्हातारीला चेटकीण ठरवून तिचं घर जाळतात आणि ती थंडीत मरते; हे पुन्हा होऊ द्यायचं नाही, म्हणून टिफनी हे काम शिकायला निघते. जादूटोण्याविरुद्ध २०१३ मध्ये कायदा करावा लागला त्या महाराष्ट्रात हा प्रसंग कुणाला समजावून सांगावा लागणार नाही. पण तो सांगताना तुमच्याच गावातल्या एखाद्या एकट्या बाईकडे माना वळतील, असा शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. सुरुवात याच प्रसंगानं करा असं मी म्हणेन.

जगभरचे वाचक २५ मे ला प्रॅचेट यांच्या आठवणीत लायलॅकची फिकट जांभळी फुलं लावतात. आपल्याकडे लायलॅक नाही. त्या सुमारास ताम्हण फुललेलं असतं, रंगही जवळचा. मिळालं तर लावा.

आता आजोबा. तुम्ही लिहिलेल्या दहा ओळींतल्या चार त्यांच्यावर आहेत. ते गेले तेव्हा तेराव्याच्या धावपळीत रडणं राहून गेलं असेल, आणि ते या लेखकाच्या निमित्तानं बाहेर येत असेल. त्यात वावगं काही नाही. मात्र दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली, जेवण सुटलं, किंवा जगणं नको वाटलं, तर १४४१६ लावा. ही टेली मानस ही सरकारी सेवा आहे. चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात.

एक प्रथा शेवटी. प्रॅचेट यांच्या 'गोइंग पोस्टल' या कादंबरीत निरोप पोचवणाऱ्या मनोऱ्यांची एक रांग आहे. तिथं काम करताना मेलेल्यांची नावं मनोऱ्यांवरून सतत पाठवली जातात: पुढे धाडा, नोंद करू नका, टोकाला गेलं की परत फिरवा. म्हणून अनेक वाचकांनी आपापल्या संकेतस्थळांच्या न दिसणाऱ्या ओळींत प्रॅचेट यांचं नाव घालून ठेवलंय. तुमच्याकडे संकेतस्थळ नसलं तरी ओटा आहे. २८ एप्रिलला सांगायला सुरुवात करण्याआधी त्यांचं नाव घ्या, आणि लगेच आजोबांचं. मग बसलेल्यांना ज्याला ज्याचं घ्यायचं असेल त्याचं घेऊ द्या, आणि त्यानंतर त्या म्हातारीच्या घराचा प्रसंग सुरू करा.