एस्पेरांतो या मुद्दाम रचलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत आत्म्याला 'आनिमो' का म्हणतात? हा शब्द आला कुठून?

थेट लॅटिनमधून. झामेनहॉफ यांनी १८८७ साली वॉर्सात एस्पेरांतो जगापुढे मांडली, तेव्हा बहुतेक धातू त्यांनी युरोपीय भाषांतूनच उचलले. लॅटिन 'आनिमा' म्हणजे श्वास, प्राण, जीव. त्यातला 'आनिम' घेऊन पुढे नामाचा 'ओ' लावला की झाला आनिमो. 'आ' लावला तर विशेषण होतं, म्हणून लॅटिनमधलं नाम 'आनिमा' एस्पेरांतोत 'आत्म्याचा, आत्मिक' असा अर्थ देतं.

मला यात सर्वात भावतं ते आपल्याशी असलेलं नातं. 'आनिमा'चं मूळ आणि संस्कृतातला 'अन्' (श्वास घेणे) हा धातू एकाच कुळातले. त्याच 'अन्'ला 'प्र' जोडून आपला 'प्राण' झाला. म्हणजे आनिमो आपल्या प्राणाचा लांबचा भाऊच!

'स्पिरितो' हा शब्द वेगळा. तो मन, चैतन्य, भूतखेत अशा अर्थांनी वापरतात आणि त्याचं मूळ लॅटिन 'स्पिरितुस', म्हणजे पुन्हा श्वासच. एस्पेरांतोत 'स्पिरी' म्हणजे श्वास घेणे. त्याला कर्मणी भूतकाळाचा 'इत' लावून फोड केली, तर स्पिरितोचा अर्थ 'श्वासात घेतलेला' असाही निघतो.

आणि 'ग्रान्दानिमा' म्हणजे मोठ्या मनाचा. घडण अगदी आपल्या 'महात्मा'सारखी.