करंगळी कमजोर नसते, तिला जागा मिळत नाही

प्रश्न : मी दोन वर्षांपासून इलेक्ट्रिक गिटार शिकतो आहे. पिकने (तार छेडायच्या पत्तीने) वाजवलेलं स्वच्छ येतं, पण लेगाटो (दर स्वराला पिक न मारता डाव्या हातानेच स्वर जोडत वाजवणं) घेतलं की हॅमर-ऑन (बोट तारेवर आपटून काढलेले स्वर) दबके पडतात आणि करंगळीचा स्वर तर जेमतेम ऐकू येतो. जोर लावला की थोड्याच वेळात अंगठ्याचं मूळ दुखायला लागतं. करंगळीची ताकद वाढवायला हाताने दाबायची स्प्रिंग घेऊ का?

उत्तर : नको. स्प्रिंग दाबून मूठ घट्ट होते, आणि तुमची मूठ आधीच गरजेपेक्षा घट्ट आहे. अंगठ्याचं मूळ दुखतं म्हणता, तिथेच सगळं आलं.

माझा अंदाज असा, की तुमचा अंगठा नेकच्या (गिटारच्या दांडीच्या) वरच्या कडेवरून डोकावत असणार आणि तळवा नेकला चिकटलेला असणार. बेंड (तार ढकलून स्वर चढवणं) आणि व्हायब्रॅटो (स्वर थरथरवणं) यांसाठी ही पकड उत्तम, कारण तार ढकलायला टेकू मिळतो. पण तिच्यात पंजा तिरका होतो. तर्जनी तारेजवळ राहते, करंगळी लांब जाते आणि आडवी पडते. एवढ्या लांबून आलेल्या बोटाने स्वर काढायचा म्हणजे दाबूनच काढावा लागतो.

लेगाटोसाठी अंगठा नेकच्या पाठीमागे, साधारण मधोमध आणि मधल्या बोटाच्या समोर आणा. तळवा आणि नेक यांच्यात मोकळी जागा दिसली पाहिजे. आता चारही बोटांची मुळं तारेला जवळपास समांतर येतात. मनगट मात्र फार वाकवू नका. उभं राहून वाजवताना ते वाकतंच असेल, तर पट्टा आखूड करा. बसून वाजवताना गिटार ज्या उंचीवर असते, तिथेच उभ्यानेही असू द्या. लांब पट्टा दिसतो छान, पण त्याची किंमत मनगट मोजतं.

आता तिसरी तार घ्या. पाचव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या पट्ट्यांमधलं घर) तर्जनी, सातव्यावर अनामिका, आठव्यावर करंगळी. पिक फक्त पहिल्या स्वराला. बोट मुळाच्या सांध्यातून, फ्रेटच्या पट्टीच्या अगदी अलीकडे, टोकावर पडू द्या. आवाज बोट किती वेगाने पडतं यावर ठरतो. ते कितीही उंचावरून आणलं किंवा नंतर कितीही दाबलं, तरी स्वर मोठा होत नाही. तार पट्टीला टेकली की जोर लगेच सोडायचा, स्वर टिकेल इतकाच ठेवायचा. मधेच अंगठा क्षणभर सैल करून बघा. त्यासरशी स्वर मरत असतील, तर तुम्ही अजून चिमट्यानेच वाजवताय.

परतताना, म्हणजे पुल-ऑफमध्ये (बोट ओढत सोडून खालचा स्वर काढताना), खरी गंमत आहे. करंगळी उचलण्याआधी अनामिका सातव्या फ्रेटवर बसलेलीच हवी. मग करंगळी सरळ वर न उचलता किंचित जमिनीकडे ओढत सोडायची, म्हणजे तीच तार छेडते. ओढ जास्त झाली की खालचा स्वर चढतो. तो चढलेला स्वर कानाला लगेच टोचला पाहिजे. ब्रिटिश गिटारवादक अ‍ॅलन होल्ड्सवर्थ यांना पुल-ऑफचा हा खेचल्याचा आवाजच नको असे, म्हणून ते उतरतानाही बोटं तारेवर आपटूनच स्वर काढत. आपण आधी ओढ बेताची ठेवायला शिकू.

अनामिका आणि करंगळीचे स्नायुबंध हाताच्या पाठीवर एकमेकांना जोडलेले असतात. त्यामुळे ही जोडी सगळ्यांनाच जड जाते, तुम्हालाच नव्हे. म्हणून हाच सराव आधी वरच्या, म्हणजे गिटारच्या अंगाकडच्या अरुंद फ्रेट्सवर करा. ६४८ मिलिमीटर स्केलच्या (तारेच्या वाजणाऱ्या लांबीच्या) गिटारवर पहिला फ्रेट सुमारे ३६ मिलिमीटर रुंद असतो, तेरावा त्याच्या निम्मा. तिथे जमलं की एकेक फ्रेट खाली या.

मेट्रोनोम ६० वर लावून ठोक्याला तीन स्वर वाजवा. हॅमर केलेले स्वर घाईने पुढे पळतात, ते आवरायचे. आणि हे सगळं डिस्टॉर्शन (आवाज खरखरीत, जाड करणारा इफेक्ट) बंद ठेवून. डिस्टॉर्शन लहान-मोठे स्वर एका पातळीवर आणतं, त्यामुळे कच्चा स्वरही पक्का वाटतो. दुखलं की थांबा. बोटांना मुंग्या येत असतील किंवा बधिरपणा राहत असेल, तर डॉक्टरांना दाखवा, सराव नंतर.

प्रश्न : पुल-ऑफ करताना शेजारच्या तारा वाजतात. काय करावं?

उत्तर : हे काम तर्जनीचं. तिचं टोक शेजारच्या जाड तारेला हलकंसं टेकू द्या आणि पोटाचा भाग खालच्या बारीक तारांवर नुसता पसरू द्या, दाबू नका. करंगळी सुटताना ज्या तारेवर आदळते, ती याने गप्प राहते. आणखी वरच्या जाड तारा उजव्या तळव्याच्या कडेने झाका. तर्जनी कमानीसारखी उभी धरायची सवय असेल, तर आधी ती मोडावी लागेल.

प्रश्न : बारीक तारा लावल्या तर लेगाटो सोपं जाईल का?

उत्तर : थोडं जाईल. ०.०१० इंचाऐवजी ०.००९ इंचाच्या (सर्वांत बारीक तारेची जाडी) सेटला जोर कमी लागतो, पण पुल-ऑफमध्ये स्वर चढण्याचा धोका वाढतो. त्याआधी बाराव्या फ्रेटवर तारेची उंची मोजा. इलेक्ट्रिक गिटारवर ती दीड ते दोन मिलिमीटर पुरते. त्याहून बरीच जास्त असेल, तर तारा बदलण्याआधी सेटअप (तारांची उंची वगैरे जुळवणं) करून घ्या.